ऊन पाण्याच्या वाटेवर : कोल्हापूर ते उन्हवरे, चार दिवस

कोल्हापूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी बावीस वर्षं को-जनरेशनच्या टर्बाइनवर आहे. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळायचं, वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, कारखान्याला पुरून उरलेली वीज ग्रीडला द्यायची, असं हे काम. यंदा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, बॉयलर निवला आणि ओव्हरहॉलिंगला हात घालायच्या आधी चार दिवसांची रजा मिळाली. तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा चालू होता.

आई चार वर्षांपासून एकच सांगत होती, "मला एकदा त्या ऊन पाण्यात पाय बुडवून बसू दे." तिचे गुडघे पार गेलेत. दवाखाने झाले, तेलं झाली, पट्टे झाले. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं तिनं तिच्या आईकडून ऐकलं होतं. मलाही जायचं होतं, पण माझं कारण वेगळं. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करतात हे मी वाचत आलोय. ज्या वाफेसाठी आम्ही दिवसाला शेकडो टन बगॅस जाळतो, ती काही देशांत जमिनीतून आपोआप वर येते. आपल्या दाराशी, घाट उतरलं की, असंच गरम पाणी वाहतंय. ते किती गरम आहे आणि त्याचं काय करता येईल, हे मला एकदा स्वतःच्या हातानं मोजून बघायचं होतं.

भाचा गाडी चालवायला आला. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डब्यात दशम्या आणि खर्डा, आईचा जुना स्टीलचा थर्मास, आणि माझ्या पिशवीत डायल थर्मामीटर, लांब दोरी आणि वही.

पहिला दिवस, गुरुवार : कोल्हापूर ते राजापूर

पहाटे साडेपाचला रंकाळा डावीकडे ठेवून फुलेवाडी गाठली, बालिंग्याचा पूल ओलांडला आणि कळ्याहून बाजारभोगावचा रस्ता धरला. अणुस्कुरा घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. तिथं थांबून दशम्या खाल्ल्या. समोरच्या कड्यात खडकाचे थर एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसत होते. हा सगळा लाव्हाचा दगड, बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला.

भाच्यानं तिथंच विचारलं, "मामा, मग खालचं पाणी त्या लाव्हामुळंच तापतंय का?"

बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण तो लाव्हा कधीच थंड झालाय. आपल्याकडं जिवंत ज्वालामुखी नाही, की जमिनीखाली जवळपास वितळलेला दगड नाही. कोकणातलं पाणी तापतं ते जास्त साध्या कारणानं. पृथ्वी आतून गरम आहे. तिच्या जन्मापासूनची उष्णता अजून आत आहे, शिवाय खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून नवी उष्णता सतत तयार होते. म्हणून कुठंही खाली खणत गेलं तर दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. सह्याद्रीवर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो, दोन-तीन किलोमीटर खोल जातो, तिथं तापतो आणि तापला की हलका होतो. वर यायला एखादी मोठी भेग सापडली की तो त्या वाटेनं वर येतो. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, सह्याद्रीला समांतर, असे झरे ओळीनं आहेत.

"म्हंजे पाऊसच की ह्यो," आई म्हणाली. "आपल्याच डोंगरावरला."

आईनं एका वाक्यात जे सांगितलं ते मला समजायला दोन पुस्तकं लागली होती.

घाट उतरून पाचल, ओणी आणि दुपारी राजापूर. उन्हाळे हे गाव अर्जुना नदीच्या काठाला आहे. गोमुखातून पाण्याची धार पडते, खाली कुंड आहे, बायकांची सोय वेगळी. मी धारेखाली थर्मामीटर धरला. काटा ४२ वर जाऊन थांबला. आमच्या बॉयलरची वाफ ४८५ अंशाची, दाब ६७ किलो. त्या हिशोबानं ४२ अंश म्हणजे काहीच नाही, टर्बाइनचं पातंही हलणार नाही. पण अंघोळीला याहून बरं पाणी माणसाला घरी विसण घालूनही करता येत नाही. ना आणखी तापवायला लागतं, ना निववायला.

आई आत गेली ती तासभर आलीच नाही. मला काळजी वाटायला लागली. मग बाहेर आली, केस ओले, आणि म्हणाली, "मी अजून बसलो असतो, पर बाकीच्या बायका खोळंबल्यात्या." पायऱ्या ती कठड्याला न धरता चढली. हे पाण्यामुळं की आनंदामुळं, ते मी ठरवत बसलो नाही.

या झऱ्यापासून जवळच राजापूरची गंगा आहे. चौदा कुंडं, आणि त्यांत अधूनमधून, बहुधा काही वर्षांच्या अंतरानं, पाणी आपोआप येतं, काही काळ राहतं आणि जातं. आम्ही गेलो तेव्हा गंगा नव्हती. कोरड्या कुंडांच्या कडेनं आई हात जोडून फिरली. भाचा सायफनची आकृती काढून मला समजावत होता, की खाली पोकळी भरत जाते आणि एका पातळीला पाणी वळण ओलांडून एकदम सुटतं. असं असू शकतं. पण आईचा हात जोडलेला बघितला आणि मी त्याला म्हटलं, वही मिटव जरा.

दुसरा दिवस, शुक्रवार : राजवाडी, तुरळ, आरवली

लांजा, पाली, हातखंबा करत महामार्गानं संगमेश्वरच्या पुढं आलो. राजवाडी आणि तुरळ ही गावं जवळजवळ आहेत, आणि आरवली तिथून थोडं पुढं. तिन्हीकडं गरम झरे. माझ्या दृष्टीनं सहलीतला सगळ्यात कामाचा दिवस हाच.

राजवाडीला सोमेश्वराचं जुनं देऊळ आहे. दगड, लाकूड, आत गार अंधार. झऱ्याजवळ गेलो तर तिथं दोघी-तिघी कपडे धूत होत्या. थर्मामीटर ५० च्या पुढं गेला. तुरळला तो ६० च्या आसपास थांबला. तुरळच्या कुंडात आईनं बोट घातलं आणि "आई गं!" म्हणून मागं घेतलं. साठ अंशाच्या पाण्यात उतरता येत नाही, ते बाजूला साठवून, निववून वापरायला लागतं. पाण्याला गंधकाचा हलका वास होता. कुंडातून मधूनच बुडबुड्यांची एक साखळी वर यायची आणि थांबायची. भाचा ते बुडबुडे मोजत बसला.

तिथंच आंब्याच्या सावलीत बसून आम्ही दोघांनी हिशोब मांडला.

वर ६० अंश दिसतात, पण खाली पाणी जास्त गरम असणार, कारण वर येताना ते निवतं, वाटेत थंड पाणी मिसळतं. खाली किती गरम आहे हे न खणताही ताडता येतं. गरम पाण्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, जास्त विरघळते, सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण बदलतं. पाणी पटकन वर आलं तर ते प्रमाण तसंच राहतं. त्यावरून तुरळ-राजवाडीच्या खाली शंभर अंशाच्या वरचं पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्या लॅबमधली माणसं बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातली सिलिका रोज तपासतात, ती ट्यूबला कीट धरू नये म्हणून. तीच सिलिका इथं जमिनीच्या पोटातल्या तापमानाची खूण सांगते, हे मला फार आवडलं.

आता वीज. इटलीत लार्देरेल्लो इथं १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पहिल्यांदा मोजके दिवे लागले, १९१३ साली तिथं २५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. न्यूझीलंडचं वैराकेई १९५८ चं, कॅलिफोर्नियातलं गीझर्स १९६० चं. केनियात ओल्कारियाला रिफ्ट दरीतल्या वाफेवर केंद्रं आहेत आणि त्या देशाची जवळजवळ निम्मी वीज जमिनीतून येते. या सगळ्या ठिकाणी खाली दोनशे-तीनशे अंश आहेत. तिथं वाफ किंवा उकळतं पाणी विहिरीतून वर येतं आणि त्यातली वाफ थेट टर्बाइनला जाते. वारा पडला, ऊन गेलं, धरण आटलं तरी ही वीज रात्रंदिवस चालू. गळीत हंगामाची पाच महिन्यांची वीज करणाऱ्या माझ्यासारख्याला या बारमाहीपणाचं मोल कळतं.

शंभर अंशाला मात्र ही रीत चालत नाही. तिथं बायनरी पद्धत वापरतात. गरम पाणी हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पाणी न मिसळता नुसती उष्णता पलीकडं देणाऱ्या नळ्यांतून, फिरवायचं आणि पलीकडं लवकर उकळणारा द्रव ठेवायचा. पेंटेन, उदाहरणार्थ, ३६ अंशालाच उकळतो. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, मग ती निववून पुन्हा द्रव, पुन्हा तोच फेरा. झऱ्याचं पाणी त्यात कुठंच मिसळत नाही, ते जमिनीत परत सोडतात.

भाच्याचे डोळे चमकले. "मामा, अलास्कात चेना म्हणून आहे. तिथं ७४ अंशाच्या पाण्यावर २००६ पासून वीज करतात. मग आपलं का नाही?"

प्रश्न रास्त होता. उत्तर कंडेन्सरमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ निववणाऱ्या भागात आहे, आणि ते मला पुस्तकानं नाही, शिफ्टनं शिकवलंय. टर्बाइनला नुसतं गरम पुरत नाही, समोर गारही लागतं. वीज मिळते ती दोन्हींतल्या फरकातून. एप्रिल महिन्यात दुपारी कूलिंग टॉवरचं पाणी तापतं, कंडेन्सरचा व्हॅक्यूम उतरतो आणि तेवढ्याच वाफेवर कमी मेगावॅट मिळतात, हे आमच्याकडचा प्रत्येक ऑपरेटर जाणतो. चेनाला कंडेन्सरचं पाणी चार अंशाचं आहे. म्हणजे फरक सत्तरचा. इथं कोकणात नदीचं पाणी २८ अंशाचं धरलं तर साठ अंशाच्या झऱ्यात आणि नदीत फरक उरतो ३२ चा. निसर्गाचा नियमच असा की ३२ च्या फरकातून, अगदी निर्दोष यंत्र बांधलं तरी, उष्णतेच्या दहा टक्क्यांच्या आतच काम निघतं. खऱ्या यंत्रात त्याच्याही निम्मं. त्यातून पंप चालवायचे. हातात काय राहणार?

"मग खोल जायचं," भाचा म्हणाला. बरोबर. खोल बोअर घेऊन सव्वाशे अंशाचं पाणी भरपूर मिळालं तर छोटं बायनरी केंद्र चालू शकेल. पण खोल बोअर म्हणजे कोटींचा खर्च, आणि खाली पाणी किती आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. कोळशाच्या केंद्राला जळण आधी मोजून घेता येतं. इथं जळण फुकट आहे, पण ते आहे की नाही हे बघायलाच सगळा पैसा जातो. जमिनीतली वीज जगात सौर आणि पवनच्या मागं पडली त्याचं मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं.

आरवलीचा झरा चाळिशीतला. तिथं थांबलो ते फक्त पाय धुवायला. रात्री चिपळूणला मुक्काम, सोलकढी आणि भात. आई लवकर झोपली.

तिसरा दिवस, शनिवार : उन्हवरे

खेडवरून दापोलीच्या रस्त्याला लागून मग आत वळलो. वळणं, उतार, काजूच्या बागा, करवंदांच्या जाळ्या. वाटेत आई म्हणाली, "गावांची नावं बघ की. उन्हाळे, उन्हवरे. रायगडात पालीपाशी उन्हेरे हाय म्हंत्यात." खरंच. ऊन म्हणजे गरम. आपण अजून ऊन-ऊन भात म्हणतो, ऊन पाणी म्हणतो. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीतल्या उष्णतेचा नकाशाच करून ठेवला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशात अशी ३८१ ठिकाणं नोंदवली आहेत आणि सगळी मिळून १०,६०० मेगावॅटची क्षमता असेल असा अंदाज दिला आहे. त्यातली सगळ्यात आशेची जागा लडाखमधली पुगा दरी, ४,४०० मीटर उंचीवर. तिथं १९७० च्या दशकात बोअर घेतले होते, आणि २०२१ साली ओएनजीसीनं एक मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्रासाठी करार केला.

उन्हवरे कोकणातला सगळ्यात गरम झरा. मी दोरीनं थर्मामीटर सोडला आणि काटा चढत गेला. पन्नास, साठ, पासष्ट. ६९ वर येऊन तो थरथरत उभा राहिला. वरच्या काचेवर वाफेचा थर धरला होता, तो अंगठ्यानं पुसून पुन्हा वाचला. ६९. बावीस वर्षांत मी याच्या सात पट तापमान रोज बघितलंय, पण त्याखाली नेहमी आग होती, बगॅसचा पट्टा होता, फॅनचा आवाज होता, चार माणसं पळत होती. इथं काहीच नव्हतं. नुसतं पाणी वर येत होतं.

आईनं थर्मास पुढं केला. "भर ह्यात." मी भरला आणि झाकण घट्ट लावलं.

झऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका घरी चहाला थांबलो. अंगणात बांबूच्या तट्ट्यावर एक काकू आमसुलं घालत होत्या. रातांब्यांचा हंगाम नुकताच लागला होता. फळ फोडून गर बाजूला, साल वाळत, मग ती साल पुन्हा रसात बुडवायची आणि पुन्हा उन्हात. असं पाच-सात वेळा केलं की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. आभाळाकडं बघत म्हणाल्या, "अजून दोन आठवडे कोरडे गेले तर बरं. वळीव आला की तट्टे घेऊन धावायचं. एकदा भिजलं की बुरशी धरते, मग फेकूनच द्यायचं. गेल्या वर्षी निम्मं गेलं हो."

मी त्यांच्या अंगणातून झऱ्याच्या बाजूला बघत राहिलो. मग वही काढली.

समजा झऱ्यातून सेकंदाला पाच लिटर पाणी घेतलं, ७० अंशाचं, आणि ते ४० पर्यंत निववलं. म्हणजे ३० अंश उतरले. पाच गुणिले ४.२ गुणिले ३०, सुमारे ६३० किलोवॅट उष्णता. हीच उष्णता बायनरी यंत्रातून काढली आणि पाच टक्के वीज मिळाली तर ३० किलोवॅट. त्यातून पंपांची वीज वजा. आणि तीच उष्णता थेट वाळवणाला दिली तर? गरम पाण्याचे पाइप फिरवून, पंख्यानं हवा खेळवून, बंद खोलीत. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी तासाला साडेचारशे किलो ओल उडवता येते. आमसूल, काजूबी, फणसपोळी, आंबापोळी, मासळीसुद्धा. रात्री, ढगात, वळवात, कधीही.

भाच्याला वही दाखवली. तो बराच वेळ आकड्यांकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे वीज करायला गेलो तर वीस भागांतले एकोणीस टाकून द्यायचे."

तेच. दोन दिवस माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते त्यानं नेमकं पकडलं. उष्णतेलाही तिची तिची पायरी असते. ४८५ अंशाच्या वाफेतून वीज करावी. ७० अंशाच्या पाण्यातून वीज काढायचा हट्ट धरला तर ते वाया जातं, पण त्याच ७० अंशात वाळवण होतं, दूध तापवता येतं, शीतगृहसुद्धा चालवता येतं, कारण शोषण पद्धतीच्या शीतयंत्राला गरम पाणीच लागतं. आइसलंडमध्ये दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यानं उबदार राहतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्स गावात एक डेअरी गरम पाण्याच्या विहिरीवर दूध पाश्चराइज करायची. आपण कोल्हापूरची माणसं, दुधाचं आपल्याला सांगायला नको. ७२ अंशाला १५ सेकंद, किंवा ६३ ला अर्धा तास. उन्हवऱ्याचं पाणी त्या दुसऱ्या आकड्याच्या वर आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात विजेबरोबर अशा थेट वापरालाही जागा आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. पण आपल्याकडं अजूनही कुणी हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, किती मेगावॅट? मीही आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलो. त्या काकूंना मेगावॅट नको आहेत. त्यांना वळवाच्या आठवड्यात चार तट्टे आमसूल कोरडं राहायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र काळजीनं करायला लागेल. झऱ्याचं पाणी ओरबाडून चालणार नाही. कॅलिफोर्नियात गीझर्सला वाफ जास्त उपसली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी दाब घटत गेला. पुढं जवळच्या गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणी नळानं आणून जमिनीत सोडायला लागलं, तेव्हा तो सावरला. इथला झरा आटला तर नुसतं वाळवणगृह बंद पडणार नाही, माझ्या आईसारख्या हजारो माणसांचा आधार जाईल. पाणी वापरून, निववून, परत जिथल्या तिथं सोडायचं, आणि अंघोळीच्या कुंडाला आधी द्यायचं. हा नियम मी माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलाय.

काकूंनी निघताना आईला आमसुलाची पुडी दिली. पैसे घेतले नाहीत.

चौथा दिवस, रविवार : कुंभार्ली घाट, कोयना, कोल्हापूर

चिपळूणहून पोफळी आणि कुंभार्ली घाट. घाटाच्या पोटात कोयनेची वीजगृहं आहेत, १,९६० मेगावॅटची. सह्याद्रीच्या पूर्वेला अडवलेलं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला सोडलं आणि त्या उंचीवर महाराष्ट्र उजळला. इतकी वर्षं या रस्त्यानं गेलो तरी छाती भरून येते.

कोयनानगरला चहा घेताना आई आपणहून बोलायला लागली. तिचं माहेर शाहूवाडी तालुक्यातलं. १९६७ च्या डिसेंबरात ती चौदा वर्षांची होती. "पहाटंची वेळ. आई नि मी जात्यावर बसलेलो. एकदम जातं आपसूक हललं. मला वाटलं आईनं जोर लावला, आईला वाटलं मी. मग मांडणीवरली भांडी धडाधड खाली आली. बाबा ओरडले, बाहेर पळा. रातभर, मग कितीतरी राती, अंगणातच झोपत हुतो." तो ११ डिसेंबर. ६.३ रिश्टरचा भूकंप, पहाटे सव्वाचारच्या पुढं. कोयनेच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणातल्या पाण्याशी या भूकंपांचं नातं आहे असं शास्त्रज्ञ मानतात.

हे इथं लिहितोय त्याला कारण आहे. गरम पण कोरडा खडक असेल तर दाबानं पाणी सोडून त्याला भेगा पाडतात आणि त्यातून उष्णता काढतात. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराखाली २००६ साली हे केलं, डिसेंबरात ३.४ चा धक्का बसला आणि काम थांबवायला लागलं. सह्याद्रीच्या या पट्ट्यात तसलं काही करायचं तर आधी जमीन समजून घ्यायला हवी. ते काम चालू आहे. गोठणे इथं भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलाय. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. म्हणजे अणुस्कुऱ्याच्या कड्यात जे थर बघितले ते इथं तेवढे खोल गेलेले. कऱ्हाडजवळ हजारमाचीला पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा आहे. त्या बोअरचा हेतू वीज नाही. पण इतक्या खोलवरच्या खडकाचा हाती लागलेला तुकडा आपल्याजवळ आहे, ही लहान गोष्ट नव्हे. उद्या कुणी कोकणात खोल खणायला निघालं तर त्याच्या हाताशी हे ज्ञान असेल.

कऱ्हाडनंतर महामार्ग, उसाची रिकामी रानं, पाचटाचा वास. संध्याकाळी सातला कोल्हापूर.

घरी आल्यावर आई आधी स्वयंपाकघरात गेली नाही. तिनं माळ्यावरचं पितळी घंगाळ काढायला लावलं, पाटावर बसली आणि थर्मास उघडला. मी सवयीनं थर्मामीटर बुडवला. आदल्या दुपारी ६९ चं पाणी होतं, आता ४३. "बघ, राजापुरासारखंच झालं," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर थोडं थोडं करून सगळं ओतलं. वाटीभर पाणी. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून डोळे मिटून बसली.

सकाळी घंगाळ विसळायला घेतलं तर आत, पाणी जिथपर्यंत होतं तिथं, पांढरी बारीक रेघ धरली होती. मी ती नखानं खरवडली. दरवर्षी ओव्हरहॉलिंगला बॉयलरच्या ट्यूबमधून आम्ही जे कीट काढतो, ते असंच नखाला लागतं. आई मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते घंगाळ तसंच. चिंच लावू नको त्येला."

ते तसंच ठेवलंय.